साडेपाच मिलिमीटरची तोंडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा तंबाखूच्या पाइपांच्या तोंड्या, म्हणजे दातांत धरायची कडक रबराची टोके, बनवणे व दुरुस्त करणे, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. लिहिताना मागे कोणी उभे नाही. मागे कोणी उभे राहिले की मला लिहिता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, बैठक मात्र शाबूत नाही. गुरुवारी सकाळी लिहायला बसलो तेव्हापासून दुपारपर्यंत अकरा वेळा उठलो, त्यातले निदान चार वेळा विनाकारण. अक्षर मध्येच बदललेले दिसले तर ते दुसऱ्या कोणाचे समजू नये.

माणसांची पूर्ण नावे आणि पत्ते वकीलबाईंनी पुरवणीत टाइप करून जोडले आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारतो तसेच लिहिले आहे. नऊ वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रागात केले होते, ते रद्द समजावे.

आत्ताच हे का, तर येत्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप काढून नवी बसवणार आहेत. सर्जन तरुण आहे, बोलायला चांगला आहे. मी त्याला विचारले, "नवी झडप माझं माप घेऊन बनवणार ना?"

तो हसला. "नाही हो आजोबा. पाच-सहा मापांत तयार येतात. त्यातलं जवळचं बसवतो."

"आणि जवळचं म्हणजे अगदी बरोबर नसेल तर?"

"शरीराला सवय होते."

त्या वाक्यानंतर मी कुठल्याही खुर्चीत नीट बसलेलो नाही. हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते आणि बोलणाऱ्या माणसाला दुकानातून जाऊ दिले होते. त्याबद्दल कलम सहामध्ये. आधी सोपी कलमे उरकतो.

कलम १. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, आतल्या सामानासह, माझ्या मुलाला, म्हणजे धाकट्याला. तो मालगाड्यांची वेळापत्रके बनवतो. गाड्या वेळेवर सोडतो, स्वतः जेवायला कधी वेळेवर आलेला नाही. त्याला रबराच्या वासाने लहानपणापासून मळमळते, त्यामुळे खालच्या दुकानात त्याने कधी पाऊल ठेवले नाही आणि मीही आग्रह केला नाही. स्वयंपाकघराची खिडकी वर उचलून मग ओढावी लागते. त्याच्या आईला हे जमायचे, मला नाही. त्याने सुताराला बोलवावे आणि बिल बघून ओरडू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझा जुना व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचा, एक जबडा वाकडा असलेला, माझ्या मेहुण्याला. तो त्याने बावीस वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेला, सात महिन्यांनी आणून दिला आणि म्हणाला, "भावजी, आधीपासूनच असा होता." आधीपासून तसा नव्हता. त्याने आता तो कायमचा ठेवावा आणि रोज बघावा.

कलम ४. वह्या. या चौदा आहेत, काळ्या पुठ्ठ्याच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. तोंडी किती जाड, किती रुंद, सरळ की बाकदार, माणूस डाव्या दाढेत धरतो की उजव्या, कुठला दात पडला आहे, कवळी आहे का, धूर जिभेवर चालतो की वर टाळूकडे हवा. ज्यांनी पाइप कधी हातात धरला नाही त्यांना हे थट्टेचे वाटेल. पण माणूस पाइपची वाटी डोळ्यांनी निवडतो आणि तोंडी तोंडाने. वाटी आवडली नाही तर तो कपाटात ठेवतो. तोंडी आवडली नाही तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात उभा असतो.

मी पाहिलेल्या आवडी लिहायला बसलो तर पंधरावी वही लागेल. बहुतेकांना सरळ निमुळती होत जाणारी तोंडी आवडते. काहींना खोगिरासारखी हवी असते, मागे जाड आणि पुढे एकदम चपटी. गोदीतल्या एका कारकुनाला माशाच्या शेपटीसारखी पसरट लागायची, कारण त्याचे समोरचे दोन दात नव्हते आणि बाकीचे त्याला वापरायचे नव्हते. एक न्यायाधीश होते, त्यांना भोक वरच्या अंगाला हवे असे. जिभेला चटका बसला तर दुपारचा निकाल कडक लागतो, असे ते स्वतःच सांगत. एक बाई यायच्या, नकाशे काढायच्या. त्यांना टोकाची कडा इतकी उंच लागायची की दात न लावताही पाइप ओठात अडकून राहावा. त्यांच्या चार तोंड्या केल्या, चारही पास झाल्या, असे दुसरे कोणी नाही. माझे स्वतःचे म्हणाल तर मी एकतीस वर्षे तंबाखू ओढलेली नाही, पण काम करताना रिकामा पाइप दातांत लागतो. पाच मिलिमीटर, किंचित बाक, कडेला गोलाई जास्त.

समोरचा दुकानदार, जो साच्यातल्या प्लॅस्टिकच्या तोंड्या पाकिटात घालून विकतो, गेल्या वर्षी येऊन म्हणाला, "काका, वह्या द्या, कॉम्प्युटरमध्ये टाकतो." मी म्हणालो, "लोकांच्या दातांची माहिती आहे ती. तुझ्या दातांची कोणाला देऊ का?" तो परत आला नाही. वह्या त्याला देऊ नयेत. कोणाला द्यायच्या ते पुढे.

कलम ५. ~ हे कलम खोडले आहे. खोडलेले वाचता येत असले तरी वाचू नये. त्यात दुकान विकून टाकण्याविषयी होते.

कलम ६. आता शुक्रवार आहे. काल हे कलम सुरू करून तीनदा खाली दुकानात जाऊन आलो. लेथ पुसला. तो स्वच्छच होता.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन पाइप आले. दोन्ही एकाच कारखान्याचे, एकाच घडणीचे, दोन्हींची तोंडी मोडलेली. एक मास्तरांचा. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. दोन्ही हात कामात, म्हणून पाइप दिवसभर दातांत. त्यांना पातळ तोंडी हवी असे. मी पाच मिलिमीटरची केली, ती परत आली. पावणेपाचची केली, परत. साडेचारची केली, तीही परत. "तोंडात फळी धरल्यासारखं वाटतं हो," म्हणाले. शेवटी सव्वाचारची करायला घेतली. त्याहून पातळ केली तर रबर दाताखाली फुटते.

दुसरा पाइप लिफ्टवाल्याचा. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला कवळी होती, आणि पातळ तोंडी कवळीत करकर करते असे तो म्हणायचा. त्याची साडेपाचची करायची ठरली. सव्वाचार आणि साडेपाच. बोटाला हा फरक जेमतेम कळतो, पण तोंडाला तो एखाद्या जिन्याएवढा असतो, असे मी तीस वर्षे प्रत्येकाला सांगत आलो होतो.

दोन्ही तोंड्या बाकदार करायच्या होत्या. रबर वाकवायचे तर ते गरम वाळूत ठेवतात. मऊ झाले की फडक्यात धरून काढायचे आणि गार व्हायच्या आत पाइपला लावून बाक वाटीशी जुळवायचा. त्याला पाच-सात सेकंद मिळतात. पाइपच्या आत जाणाऱ्या खुंटीवर मी खूण केली होती, मास्तरांच्या एक रेघ, लिफ्टवाल्याच्या दोन. त्या पाच-सात सेकंदांत रेघा बघायच्या राहिल्या. दोन्ही पाइपांची भोके सारखीच असल्याने खुंट्या बसल्याही घट्ट. मास्तरांच्या पाइपला साडेपाच गेली, लिफ्टवाल्याच्या पाइपला सव्वाचार.

दोन दिवसांनी मास्तर आले. मला वाटले पुन्हा परत आणली. ते दारातूनच म्हणाले, "हीच! तीनदा पाठवली म्हणून झाली की नाही? पाव मिलिमीटरनं केवढा फरक पडतो बघा!"

लिफ्टवाला त्याच संध्याकाळी आला. "आता कसं तोंडभर वाटतं," म्हणाला.

मला काहीच माहीत नव्हते. मी खूश होतो.

सहा महिन्यांनी मास्तरांनी पाइप पॉलिशला दिला. तोंडी उन्हाने मातकट झाली होती. मी ती काढली. खुंटीवर दोन रेघा. व्हर्नियर लावला, साडेपाच. दुसरा व्हर्नियर लावला, साडेपाच. मग तोंडी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरली, काळीभोर केली, तेल लावले आणि परत दिली. मास्तरांना सांगितले नाही, लिफ्टवाल्याला नाही, बायकोलाही नाही. सांगणार काय होतो? की मी तीस वर्षे ज्याचे पैसे घेतले तो फरक या दोघांच्या तोंडांना कळलाच नाही?

त्यानंतर दीड वर्षाने ते झाले जे लिहिण्यासाठी हे कलम आहे.

माझी मुलगी, थोरली, तेव्हा नऊ वर्षे माझ्या शेजारच्या बाकावर काम करत होती. कानस तिच्या हातात माझ्यापेक्षा सरळ चालायची. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, तीन मापं करू. पातळ, मधली आणि जाड. माप घेऊन केलेली चार-चारदा परत येते, आणि गिऱ्हाईक कंटाळून समोर जातं. तोंडाला आठवड्यात सवय लागते."

मास्तर खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते. ते उसळले. "छे छे, पोरी! तोंड म्हणजे काय पायमोजा आहे? मी सव्वाचारचा माणूस. दुसरी कुठलीही माझ्या तोंडात घालून दाखव, अर्ध्या मिनिटात ओळखतो की नाही बघ!"

हे ते साडेपाचची तोंडी दातांत धरून बोलत होते.

थोरली माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला ना."

मी बोललो. म्हणालो, "मास्तरांना जे कळतं ते तुला नऊ वर्षांत कळलं नाही. म्हणजे हे काम तुझं नाही."

तिने कानशी ब्रशने साफ केल्या, आकाराप्रमाणे लावल्या, अ‍ॅप्रन काढून त्याची घडी केली. मास्तरांना "येते" म्हणाली, मला काही म्हणाली नाही. याला सतरा वर्षे झाली. लग्नात, दवाखान्यात, तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांत आम्ही भेटलो आहोत, बोललो आहोत. तब्येत, हवा, गाड्यांची गर्दी. बाकाविषयी एक अक्षर नाही. तिची आई पाच वर्षांपूर्वी जाईपर्यंत दर रविवारी म्हणायची, "फोन करून टाका एकदा." मी दर रविवारी म्हणायचो, "करतो."

ती बरोबर होती आणि मला ते तेव्हा माहीत होते. एवढेच हे कलम.

शनिवार सकाळ. वकीलबाई इथपर्यंतची पाने वाचून गेल्या. त्या सही-शिक्क्यापलीकडे सहसा बोलत नाहीत. कलम सहाशी आल्यावर मात्र चष्मा काढला.

"काका, यात तुम्ही देताय काय?"

"देत काही नाही. सांगतोय."

"मृत्युपत्रात मालमत्ता असते."

"ही माझीच आहे. दुसऱ्या कोणाकडे नाही."

"बरं. हे मी तुमच्या मुलीला कधी वाचून दाखवणार?"

"मी गेल्यावर."

"तेव्हा ती काही विचारेल. शिव्या देईल, रडेल. ते ऐकायला तुम्ही कुठे असाल?"

"नसेन."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या आणि चष्मा घातला. "कायद्याने चालेल. मी खोडायला सांगत नाही."

जाताना त्यांनी पुरवणीवर बोट ठेवले. "मुलीचा पत्ता अर्धाच दिलाय. पूर्ण घेऊन ठेवा."

पत्ता विचारायच्या निमित्ताने मी फोन केला. जे बोलणे झाले ते जसे आठवते तसे लिहितो, कारण पुढच्या कलमाला तोच आधार आहे.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. पूर्ण पत्ता सांग तुझा."

"दहा वर्षं एकाच घरात राहतेय मी." मग, "मृत्युपत्र करताय ना? धाकट्याने सांगितलं. तुम्ही म्हणे सगळं घर पुसून काढलंय."

"झडपा मापात येतात," मी म्हणालो.

"काय?"

"हृदयाच्या. पाच-सहा मापं असतात. शरीराला सवय होते म्हणाला डॉक्टर."

ती हसली. "भांडलात की काय त्याच्याशी?"

"नाही. तुला एक सांगायचंय. उभी आहेस की बसलीयेस?"

"बाबा, आता घाबरवताय तुम्ही."

मी सांगितले. वाळू, रेघा, दोन्ही व्हर्नियर. शेवटी तिने तीनच प्रश्न विचारले.

"मी तीन मापांचं बोलले तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि मास्तर बोलत होते तेव्हा तोंडात तीच होती?"

"तीच."

"आणि आईला?"

"आईला नाही सांगितलं."

"मी ठेवते फोन," ती म्हणाली. ठेवला.

कलम ७. अंत्यविधी. हात रिकामे नकोत म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो. फोन टेबलावर समोर आहे. अंत्यविधी साधा करावा. माझ्या तोंडात पाइप ठेवण्याची कल्पना कोणीतरी काढेल, बहुधा मेहुणा, तर ती हाणून पाडावी. भाषण करू नये. केलेच तर "परिपूर्णतेचा ध्यास" असे काही म्हणू नये. तो ध्यास नव्हता. साडेपाच वाचल्यानंतर तर ती भीती होती. गिऱ्हाइकांना कळवायला दारावर चिठ्ठी लावावी. दुरुस्तीला आलेले सहा पाइप उजव्या हाताच्या खणात आहेत. ते तसेच परत द्यावेत, कोणी पूर्ण करायला जाऊ नये. पुढे काय लिहावे सुचत नाही. जिन्यावरून दोनदा खाली-वर झालो.

फोन वाजला. चाळीस मिनिटांनी.

"बाबा, ऐका. मी रागावलेली आहे, ते बाजूला ठेवा. ते वेगळं आहे."

"बरं."

"मीही चुकले होते."

थोरली आता कानाच्या मशीनच्या कार्यशाळेत काम करते हे मला माहीत होते. ऐकू कमी येणाऱ्यांच्या कानात बसणारे मऊ साचे ती घडवते. त्याहून जास्त मी कधी विचारले नव्हते. ती सांगू लागली. तिथे लागल्यावर पहिल्या वर्षी तिने एका म्हाताऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना तयार मापातला साचा दिला. जवळचे माप होते. म्हणाली, आजी, आठवड्यात सवय होईल. बाई परत आल्याच नाहीत. चार महिन्यांनी त्यांची सून मशीन परत द्यायला आली. कानात जखम झाली होती, बाईंनी ते घालणे सोडले होते, आणि नातवंडांशी बोलणेही सोडले होते.

"कानाला सवय लागत नाही, बाबा. कान दुखतो, आणि माणूस सांगत नाही. मी आता प्रत्येक कानाचं माप घेते. दोनदा. डावा-उजवाही वेगळा असतो. माझ्याकडे वही आहे."

"वही?"

"तुमच्यासारखीच. काळ्या पुठ्ठ्याची."

मी हातातले पेन टेबलावर ठेवले.

"तुम्हाला फोन करून हे सांगणार होते. तेरा वर्षं झाली त्याला," ती म्हणाली. "मग वाटलं, तुम्ही म्हणाल, बघ, सांगत नव्हतो?"

"म्हणालो असतो," मी म्हणालो.

"माहितीये." मग तिचा आवाज कामाचा झाला. "मृत्युपत्रात दुकानाचं काय लिहिलंय?"

"विकायचं लिहिलं होतं. खोडलं. तुला देतो."

"मेल्यावर?"

"मृत्युपत्र आहे ना ते."

"मग नको. मेल्यावर दिलेलं दुकान घेऊन मी काय करू? रबर वाकवून सतरा वर्षं झाली, हात विसरलाय माझा. विचारायला कोण असेल? आणि इथे मी तळघरात बसते, ट्यूबलाइटखाली. मला तो खिडकीतला बाक हवाय, दिवसाचा उजेड हवाय. कानांसाठी. तोंड्याही करीन, येतील तेवढ्या. पण मरेपर्यंत थांबणार नाही मी. तुमच्यासाठी तर नाहीच."

"ऑपरेशन बुधवारी आहे."

"मग सोमवारी येते. आणि मास्तरांना बोलवा. त्यांना सांगायचं. माझ्यासमोर, तिथेच, त्याच खिडकीत."

"मास्तर एक्याऐंशीचे आहेत."

"मग लवकर बोलवा," ती म्हणाली.

कलम ८. वह्या चौदा, थोरलीला. रविवारी लिहितो आहे. दुकान झाडले. मग ते तिने झाडायला हवे होते असे वाटले आणि थोडा भुसा परत सांडला. मग तोही गोळा केला.

सोमवारी अकराला थोरली आली, मास्तर सव्वाअकराला. स्टुलावर बसले. पाइप तोंडात, पेटवलेला नाही, डॉक्टरांनी बंद केले आहे, तरी तोंडात. मी सांगायला सुरुवात केली आणि भलतीकडूनच केली, वाळू किती गरम असते तिथून. थोरली म्हणाली, "बाबा, सरळ सांगा." मग सरळ सांगितले.

मास्तरांनी पाइप काढला. रुमालाने तोंडी पुसली. हात पुढे केला. मी व्हर्नियर दिला. ते चित्रकलेचे मास्तर, माप वाचायला त्यांना कोणी लागत नाही. त्यांनी लावला, खिडकीकडे धरून वाचला.

"साडेपाच," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मग माझी कुठंय?"

लिफ्टवाला चार वर्षांपूर्वी गेला. ती सव्वाचारची शेवटपर्यंत त्याच्या तोंडात होती, आणि अशी जाड तोंडी गावात कोणाला जमत नाही असे तो शेवटपर्यंत सांगायचा. त्याच्या बायकोने पाइप दुकानात आणून दिला होता. मी खणातून काढला, तोंडी सोडवली, गरम पाण्याने धुतली, मास्तरांच्या पाइपला लावून दिली. मास्तरांनी ती दातांत धरली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. अर्धे मिनिट झाले.

"ही काय काडी आहे?" त्यांनी काढून माझ्या हातात दिली. "माझी दे इकडे."

साडेपाचची परत लावून दिली. मग ते थोरलीकडे वळले. "पोरी, त्या दिवशी मी फार बोललो."

"बोललात की, मास्तर," ती म्हणाली. "आणि साडेपाच मिलिमीटर तोंडात धरून बोललात."

मास्तर हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. तिने त्यांना पाणी दिले. माझे बोलून व्हायचे होते. ते मास्तरांचा खोकला थांबायच्या आत बोललो, नाहीतर राहिले असते.

"काम तुझं नाही म्हणालो होतो. खोटं बोललो होतो. तेव्हाही माहीत होतं."

तिचे डोळे भरले होते, ते तिने लपवले नाहीत. मी बसलो होतो त्या खिडकीतल्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली, "उठा." मी उठलो. ती बसली, खुर्ची तिच्या उंचीला खाली घेतली, दिवा बाजूला सरकवला आणि पिशवीतून एक पारदर्शक कानाचा साचा काढून उजेडात धरला. मग मला विचारले, "ही कडा कशाने मारू? माझ्याकडच्या कानशीने ओरखडे येतात."

मी दाखवले. मास्तर जेवणाच्या वेळेपर्यंत बसले होते.

कलम ९. खालचे दुकान, लेथ, बफ, व्हाइस, सर्व कानशी, वाळूची कढई, खणातल्या सर्व तोंड्या, पूर्ण आणि अपुऱ्या, कच्चे रबर, खिडकीतला बाक आणि शेजारचा बाक, थोरलीला. तिने तोंड्या कराव्यात, कानाचे साचे करावेत की दोन्ही, मापे तीन ठेवावीत की तीनशे, हे तिने ठरवावे. इथे एक अट लिहिली होती, ती खोडली. पाटी बदलायची असल्यास बदलावी. शिडी हलते, कोणीतरी खाली धरावी. बरा झालो तर मी धरेन.

हे कलम माझ्या मरणाने सुरू होणार नाही. वकीलबाईंनी वेगळे बक्षीसपत्र आज दुपारी करून दिले आहे, इथे फक्त नोंद. मी जिवंत असेपर्यंत मला शेजारच्या बाकावर बसू द्यावे. विचारल्याशिवाय बोलणार नाही, हे मी लिहून देत नाही, कारण ते पाळता येणार नाही.

वरील सर्व माझ्या हातचे आहे, खाडाखोडीसह. ज्या पानांवर खाडाखोड आहे तिथे समासात सही केली आहे.

ठिकाण: दुकान, शेजारचा बाक.
तारीख: सोमवार, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दुपारी साडेचार.

(सही) तोंडीवाला

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले आणि एकमेकांनाही पाहिले:
१. (सही) कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. यांनी कलम चार वाचायला मागितले, दिले नाही.
२. (सही) वरच्या गल्लीतली वर्तमानपत्रवाली.

सहीनंतरची नोंद, माझ्याच हातची: कलम नऊ आज थोरली खिडकीत बसली तेव्हापासून अमलात आले आहे. बाकीच्या कलमांना घाई नाही.